धुक्यात दिसायचं कोणी?

"मामा, आता गाडीत समोर स्क्रीनच असते. धुक्याचं काय घेऊन बसलात?" भाचा सहज बोलून गेला, पण ते डोक्यातून जाईना. गळीत हंगामात तेरखेड्याजवळ महामार्ग 52 वर पहाटेच्या धुक्यात बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या चालतात. त्याचं पुढं काय होतं, ते सांगायला नको.

माहिती वेगळी, इशारा वेगळा, असं माझं जुनं मत. माहिती वाचावी लागते. इशारा अंगावर येतो. ताणलेल्या डोळ्यांना वर स्क्रीन वाचायला लावणं म्हणजे दमलेल्या हमालाच्या पाठीवर आणखी एक पोतं चढवणं. तेरखेडा फटाक्यांचं गाव, म्हणून सांगायचा मोह होतो: धुक्यात सिग्नल दिसेनासा झाला की रेल्वेवाले रुळावर फटाका बसवतात. चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हरला कळतं, सिग्नल जवळ आला. एकोणिसाव्या शतकातली युक्ती, आणि डोळ्यांना काडीचंही काम नाही.

भाच्यानं अमेरिकेतल्या मिनेसोटाचं उदाहरण काढलं. तिथल्या विद्यापीठानं बर्फ हटवणाऱ्या गाड्यांसाठी केलेली यंत्रणा उपग्रहांवरून गाडीची नेमकी जागा ठरवते, ड्रायव्हरच्या नजरेसमोर पारदर्शक पट्टीवर रस्त्याच्या कडा रेखते आणि गाडी भरकटली की सीट थरथरवते. थरथरणारी सीट मी लगेच माझ्या बाजूला ओढली. पण त्या रेषांचं काय करायचं? सगळं पांढरंफटक असताना इशारा फार तर "चुकलास" म्हणेल. जायचं कुठून, ते रेषच दाखवणार. तीही रस्ता जिथं असतो तिथंच उमटते, नजर हलवावी लागत नाही.

मग खरा भेद निराळा: जागचं न हलणारं आणि अचानक आडवं येणारं. कड, सिग्नल, फाटक नकाशात बसतात. उत्तरेकडच्या रेल्वे इंजिनांतलं फॉग पास यंत्र त्याच जोरावर पुढचा सिग्नल किती लांब आहे ते सांगतं. टायर फुटून उभी राहिलेली ट्रॉली मात्र कुठल्याच नकाशात नसते. रडार तिला हेरेल, पण मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं ते आणायचं कुठून?

म्हणून स्क्रीनशी माझं भांडण मिटलं. आता ते साखर कारखान्याशी आहे. परवडेल त्यानं काचेवर रेषा उमटवाव्यात. पण ज्या ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर नाही, तिचा कारखान्यानं वजनकाटाच करू नये.