मालकी, वहिवाट आणि साक्ष

मनुष्य ज्या वस्तींत राहतो त्या वस्तीवर त्याचा हक्क कशानें उत्पन्न होतो, हा प्रश्न वरवर पाहतां कायद्याचा दिसतो. वकिलास विचारावें, तो कागदपत्रें मागेल, तीं चाळील आणि घटकाभरांत उत्तर देईल. परंतु जेथें वस्तीच झपाट्यानें पालटत आहे, कालचें दुकान आज नाहीं आणि आजचा शेजारी उद्यां असेलच अशी शाश्वती नाहीं, तेथें वकिलाच्या उत्तरानें मनाचें समाधान होत नाहीं. कायद्याची बाजू संपते तेथून या प्रश्नाची नैतिक बाजू सुरू होते, आणि ती सहसा कोणी उकलून पाहत नाहीं. ती पाहावयाची झाल्यास मिरा-भाईंदरसारखें सोयीचें स्थळ दुसरें क्वचितच सांपडेल. इतर शहरांस ज्या फेरबदलाला शंभर वर्षें लागलीं तो येथें एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला आहे.

दहिसरचा नाका ओलांडल्यापासून वसईच्या खाडीपर्यंतचा हा प्रदेश. पूर्वेस घोडबंदरच्या टेकड्या, पश्चिमेस उत्तनचा समुद्रकिनारा, आणि मध्यें मिठागरें, खाजणें व भाताचीं खाचरें, असें याचें जुनें रूप होतें. आगरी मीठ पिकवीत, कोळी दर्यावर जात, ख्रिस्ती शेतकरी भात व भाजीपाला काढीत, आणि काशीमिऱ्याच्या डोंगराकडेला वारल्यांचे पाडे असत. इ. स. १९८५ च्या जूनमध्यें ग्रामपंचायती एकत्र करून येथें नगरपरिषद स्थापन झाली. २००२ च्या फेब्रुवारींत तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या सुमारें १ लाख ७५ हजार होती. २००१ मध्यें ती ५ लाख २० हजारांच्या घरांत गेली आणि २०११ मध्यें ८ लाखांवर चढली. या आंकड्यांमागें माणसांच्या लाटा आहेत. १९८२ च्या गिरणी-संपानंतर ज्यांचें लालबाग-परळ सुटलें तीं कुटुंबें, गिरगांवच्या चाळींत संसार मावेनासा झालेले कारकून व शिक्षक, १९९२-९३ च्या दंगलींनंतर निर्धास्त जागा शोधीत आलेलीं मुसलमान कुटुंबें, गुजराथी व मारवाडी व्यापारी, उत्तरेकडील कारागीर, असे सर्व येथें आले. मुंबईच्या पोटांत ज्यांस जागा उरली नाहीं त्यांनीं हें शहर वसविलें.

आतां या शहरावर दुसरी लाट येऊन आदळत आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागीं उंच मनोरे उभे राहत आहेत. त्यांच्याबरोबर रस्त्याची चालही पालटते. पिठाची गिरणी जाते व तेथें कॉफीचें दुकान थाटलें जातें. सायकली दुरुस्त करणारा दिसेनासा होतो. फाटकाशीं पहारेकरी उभा राहून आल्यागेल्याचें नांव लिहून घेतो, आणि जिची हांक ऐकून बायका जिन्यांतून खालीं उतरत त्या कोळणीला फाटकाबाहेर थांबावें लागतें. इंग्रजींत या घडामोडीस 'जेंट्रिफिकेशन' म्हणतात. लंडनच्या कामकऱ्यांच्या वस्त्यांत मध्यमवर्ग कसा शिरला हें पाहून रूथ ग्लास या विदुषीनें १९६४ मध्यें तो शब्द घडविला. मराठींत त्यास प्रतिशब्द रूढ झालेला नाहीं. आपण याला सरळ 'सुधारणा' म्हणतों. आणि सुधारणा हा शब्द एकदां उच्चारला कीं पुढील चौकशी आपोआप थांबते.

चौकशी करूं लागल्यास पहिला आक्षेप असा येतो, कीं येथें तक्रार करण्याचा अधिकार आहे तरी कोणास? आज जो मनोऱ्याला नांवें ठेवतो त्याची चार मजली इमारतही कोणाच्या तरी खाचरावरच उभी राहिली होती. त्या वेळीं आगऱ्याला वा वारल्याला कोणीं विचारलें? मागाहून आलेल्यास त्याच्याही मागाहून आलेल्यानें ढकललें, यांत अन्याय कसला? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. केवळ मी आधीं आलों म्हणून माझा हक्क मोठा, असें म्हणणाऱ्यानें ही शिडी खालच्या पायरीपर्यंत मोजण्याची तयारी ठेवली पाहिजे. विरारच्या गाडींत बोरिवलीस चढलेला उतारू दहिसरला चढणाऱ्याकडे जशा कपाळावर आंठ्या घालून पाहतो, तशीच ही वृत्ति आहे. ती स्वाभाविक असेल. न्याय्य खास नाहीं.

तथापि आक्षेपकाच्या म्हणण्यांत दोन दोष आहेत. पूर्वीं एक अन्याय झाला म्हणून दुसऱ्या अन्यायाला परवाना मिळत नाहीं, हा पहिला. दुसरा असा, कीं 'आधीं येणें' आणि 'नांदणें' या भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या तो एक समजतो. आधीं येणें हा बहुधा योगायोग असतो. नांदणें हें कर्म आहे. ज्यानें तीस वर्षें पहाटे उठून घरोघर दूध पोंचविलें, जिनें दुसऱ्याच्या मुलांस न्हाऊं घालून आपलीं मुलें वाढविलीं, त्यांचा वस्तीवरील हक्क रांगेंतील क्रमांकावरून ठरत नाहीं. तो त्या नित्याच्या कर्मांतून हळूहळू सिद्ध होतो. आपल्या भाषेंत त्याला नेमका शब्द आहे: वहिवाट.

हा शब्द आपल्या पूर्वजांस नुसता भावनेचा वाटत नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत हक्क शाबीत करण्याचीं प्रमाणें सांगितलीं आहेत तीं लिखित, भुक्ति आणि साक्षी हीं. म्हणजे कागद, वहिवाट आणि साक्षीदार. मालक डोळ्यांनीं पाहत असून कांहीं बोलत नाहीं, आणि दुसरा मनुष्य त्याची जमीन वीस वर्षें उपभोगतो, तर मालकाची हानि होते, असेंही तेथें म्हटलें आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत या वचनास मुरड घालून हानि उत्पन्नाची होते, जमिनीची नव्हे, असा अर्थ लावला. पण काळजी घेण्याजोगें कांहीं या वचनांत होतें म्हणूनच त्याला मुरड घालावी लागली. दीर्घकाळ नांदण्यानें कांहीं तरी उत्पन्न होतें आणि कागदाला त्याची दखल घ्यावी लागते, ही मूळ कल्पना त्यानेंही नाकारली नाहीं.

आज या तीन प्रमाणांपैकीं एकट्या कागदाचें राज्य आहे. त्याचा महिमा पाहावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. इ. स. १८७० मध्यें इंग्रज सरकारनें भाईंदर, मिरे व घोडबंदर येथील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी नांवाच्या गृहस्थांस ९९९ वर्षांच्या पट्ट्यानें दिल्या. त्या पट्ट्यांतून निघालेले हक्क पुढें एका कंपनीकडे गेले आणि त्यांविषयींचे वाद आपल्या काळापर्यंत चालत आले. त्याच भूमीवरील इमारतींत भाड्यानें राहणाऱ्या कुटुंबाचा करार आज बहुधा ११ महिन्यांचा असतो. एका टोकास ९९९ वर्षें, दुसऱ्या टोकास ११ महिने! मनुष्याचें खरें आयुष्य या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असतें. मूल बालवर्गांत घातल्यापासून तें पदवीधर होईपर्यंत, सून घरांत आल्यापासून सासूला हात धरून देवळांत नेईपर्यंत, एवढ्या मापाचा कागद मात्र कोणाच्याच दप्तरांत नाहीं.

याचा परिणाम पुनर्विकासाच्या सभेंत दिसतो. गृहनिर्माण संस्थेच्या ५१ टक्के सभासदांची संमति मिळाली कीं प्रस्ताव पुढें सरकतो. शासनानें २०१९ च्या जुलैमध्यें हें प्रमाण ठरविलें, त्यापूर्वींची अट याहून कडक होती. बांधकाम चालू असेपर्यंत सभासदाला दुसऱ्या जागेचें भाडें मिळतें आणि पुढें नवें घर मिळतें. हें सर्व योग्यच आहे. पण सभेपुढील यादी एकदां नीट वाचावी. तींत भाडेकरू कुटुंबाचें नांव नसतें. त्याला करार संपतांच दुसरी जागा पाहण्यास सांगितलें जातें. जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याचें नांव नसतें. जिची चार घरचीं कामें एकाच महिन्यांत सुटणार त्या मोलकरणीचें नसतें. इतकेंच काय, ज्यांचीं नांवें यादींत असतात त्यांपैकींही एखादा निवृत्त शिक्षक मनांतल्या मनांत हिशेब करीत बसलेला असतो, कीं लिफ्ट, बाग, पोहण्याचा तलाव व पहारेकरी यांचा मासिक खर्च आपल्या निवृत्तिवेतनांत बसणार कसा? यांपैकीं कोणावर कोणीं जुलूम केलेला नसतो. कोणाचें नांव यादींतून खोडलेलें नसतें. तें मुळीं लिहिलेलेंच नव्हतें.

येथें व्यवहारी गृहस्थ दुसरा आक्षेप घेतात. खाऱ्या हवेनें सळया गंजल्या, स्लॅब गळूं लागले, म्हाताऱ्यांस चार जिने चढवत नाहींत. अशा इमारती जपून ठेवावयाच्या कीं काय? नाहीं, त्या पाडाव्या आणि चांगल्या बांधाव्या. पडक्या घरांत काव्य पाहणारा मनुष्य बहुधा स्वतः पक्क्या घरांत राहत असतो. प्रश्न बांधावें कीं न बांधावें हा नाहीं. ज्या दुकानदाराच्या वहींत जमेची बाजू रोज लिहिली जाते व नांवेंची बाजू कोरी राहते, त्याच्या नफ्यावर आपण विश्वास ठेवीत नाहीं. वस्तीच्या सुधारणेचा हिशेबही तसाच तपासला पाहिजे. नफा झाला असेल. पण तो किती झाला हें ज्यांचें नुकसान झालें त्यांस विचारल्यावांचून कळणार नाहीं.

तिसरा आक्षेप असा, कीं हें काम कायद्याचें आहे, शेजाऱ्याचें नव्हे. कायदा अगदींच निद्रित आहे असें म्हणवत नाहीं. १९८५ मध्यें मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यांत उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असें सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें. १९९० मध्यें शांतिस्टार बिल्डर्सच्या प्रकरणांत निवाऱ्यासंबंधीं त्याच न्यायालयानें तेंच तत्त्व लावलें. २०१४ च्या फेरीवाल्यांविषयींच्या कायद्यानें तर पाहणी पूर्ण होईपर्यंत पूर्वींपासून बसणाऱ्या विक्रेत्यास उठवूं नये असें ठरविलें; म्हणजे वहिवाटीला थोडी तरी मान्यता दिली. पण कायदा आपल्या पायांनीं गल्लींत आला तरी तेथें येऊन तो एकच प्रश्न विचारतो: हा मनुष्य येथें किती वर्षें बसत आहे? याचें उत्तर विक्रेत्याच्या खिशांत नसतें. तें शेजाऱ्याच्या आठवणींत असतें.

हेंच तें तिसरें प्रमाण. आपण वस्तीच्या बदलाचा विचार करतों तेव्हां विटा व चुना यांचाच करतों. पण पालटत्या वस्तींत इमारतींच्याही आधीं नष्ट होतात ते साक्षीदार. भाडेकरू विरारला गेला, निवृत्त शिक्षक मुलाकडे पुण्यास गेले, वरच्या मजल्यावरील आजी वारल्या. आतां त्या इस्त्रीवाल्यानें कोणाच्या लग्नाच्या शालूस रातोरात इस्त्री करून दिली होती हें सांगणारा कोण उरला? नव्या रहिवाशाला तो केवळ वाटेंतील अडथळा दिसतो, आणि त्यांत नव्या रहिवाशाचा कांहीं दोष नाहीं. त्याला कोणीं सांगितलेंच नाहीं. ज्यांना ठाऊक होतें ते सभेंत गप्प बसले.

म्हणून, कागदानें ज्याचा हक्क सुरक्षित आहे त्याच्यावर येथें एक कर्तव्य येतें असें मी समजतों, आणि तें दानाचें नाहीं. दान आपल्या पदरचें द्यावयाचें असतें व तें देणें न देणें आपल्या इच्छेवर असतें. साक्ष ही दुसऱ्याची ठेव आहे. ती मागितली असतां न देणें म्हणजे ठेव बुडविणें होय. आणि ज्याला मागण्यासही जागा नाहीं त्याच्या बाबतींत ती न मागतां द्यावी लागते.

यावरून कोणीं जुन्या गांवगाड्याचें गोडवे गाऊं लागावें असें माझें म्हणणें नाहीं. बलुतेदाराला गांवांत वांटा होता हें खरें. पण त्या वांट्याबरोबर जन्माची पायरीही ठरलेली होती, आणि कित्येकांस ती वेशीबाहेरची होती. शहरानें ती पायरी पुष्कळ अंशीं मोडली, हा त्याचा मोठा उपकार आहे. मात्र पायरी मोडतांना वांटाही मोडला. बेड्या नाहींत आणि घरही नाहीं, अशी स्थिति कष्टकऱ्याच्या वांट्याला आली. बेड्या परत न आणतां वांटा परत देतां येईल कीं नाहीं, हीच नव्या नगराची परीक्षा आहे.

आणि ती परीक्षा मोठमोठ्या परिषदांत होत नाहीं. ती रविवारीं सकाळीं, वाहनतळावर मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, संस्थेच्या सभेंत होते. करारनाम्याच्या मसुद्यांत तळमजल्यावर इस्त्रीच्या टेबलापुरती जागा राखावी. भाडेकरूंस निदान मुलांची शाळेची परीक्षा होईपर्यंत मुदत द्यावी. कामकरी बायकांस नव्या इमारतींत आधीं विचारावें. फाटकाच्या आंत कोळणीला टोपली टेकण्यास दोन हात जागा असावी. या मागण्यांनीं कोणताही मनोरा एका मजल्यानें ठेंगणा होणार नाहीं. त्या कागदावर येण्यास मात्र कोणी तरी खुर्चीवरून उठून, हीं माणसें येथें आहेत, मी त्यांस ओळखतों, एवढें म्हणावें लागतें. ५१ टक्क्यांची संमति इमारत बांधण्यास पुरते. वस्ती नांदती राहण्यास एवढें म्हणणारा एक तरी मनुष्य त्या सभेंत असावा लागतो.