सतरा फ्लॉप्या आणि एक पत्र

आमच्या घराण्यात वस्तू टाकून द्यायची पद्धत नाही. माळ्यावर टाकायची पद्धत आहे. दर दिवाळीला ती खाली येते, तिला फडकं मारलं जातं, ‘असू दे, कधीतरी लागेल’ असं कुणीतरी म्हणतं आणि ती पुन्हा वर जाते.

परवा असाच श्रीखंडाचा एक जुना डबा खाली आला. आत सतरा फ्लॉप्या. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. निवृत्तीनंतर, १९९५ साली अण्णांनी कॉम्प्युटर घेतला आणि घरातल्या कुणालाही त्याला हात लावू दिला नाही. २००३ मध्ये अण्णा गेले. कॉम्प्युटर भंगारात गेला. फ्लॉप्या मात्र श्रीखंडात राहिल्या.

“अहो, आता तरी ह्या टाका,” ही म्हणाली. “कुठल्या यंत्रात घालणार आहात?”

मुद्दा बिनतोड होता. आयबीएमने १९७१ मध्ये फ्लॉपी बाजारात आणली तेव्हा ती चांगली आठ इंची, ताटलीएवढी होती. पुढे ती साडेतीन इंचांपर्यंत आक्रसली आणि मग संपलीच. २०११ मध्ये सोनीने जपानातली विक्री थांबवली. २०२४ मध्ये तर जपान सरकारनेही कामकाजात फ्लॉपीची सक्ती करणारे नियम काढून टाकले. जपान सरकारनंतर नंबर आमच्या माळ्याचा होता.

पण आमचा भाचा ह्या विषयातला. तो यूएसबीला जोडायचा एक फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन आला. मी म्हटलं, “आतल्या फाइली कॉपी कर आणि सोड.”

“नाही मामा. कॉपी नाही, इमेज घ्यायची.”

दोन्हींतला फरक त्याने मला समजावला, तो मी माझ्या भाषेत सांगतो. कॉपी करणारा हा पाहुण्यासारखा असतो. दारावरची पाटी वाचतो, आहेत त्या मंडळींना भेटतो आणि निघतो. इमेज घेणारा पंचनाम्याला आलेल्या हवालदारासारखा. घरात कोण आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो रिकामा कोपरासुद्धा टिपून घेतो. फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे आणि एकेका तुकड्यात ५१२ अक्षरांची जागा. गुणाकार केला की १४,७४,५६० होतात. तेवढीच्या तेवढी अक्षरं ओळीने उचलून हार्ड डिस्कवर एका फाइलीत ठेवायची.

हे काम करणारा प्रोग्रॅम ‘डीडी’ नावाचा, युनिक्सच्या १९७० च्या दशकातल्या पिढीतला. स्वभावाने जुना कारकून. ‘इथून घे, तिथे ठेव’ एवढंच त्याला सांगायचं. चुकून ‘इथे’ आणि ‘तिथे’ची अदलाबदल झाली, तर एक शब्द न विचारता मूळ वस्तूच पुसून टाकतो. म्हणून आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवायची. खिडकी उघडी असली की बाहेरच्याला आत ढवळाढवळ करता येत नाही. आमच्या चाळीत हे नेमकं उलट होतं.

ड्राइव्ह दमेकऱ्यासारखा घरघरत राहिला. सतरा फ्लॉप्या मिळून पंचवीस एमबीसुद्धा भरेनात. अण्णांची आठ वर्षं भाच्याच्या मोबाइलमधल्या एका व्हिडिओपेक्षा कमी जागेत मावली. दूधवाल्याचे हिशेब, सोसायटीला लिहिलेल्या तक्रारी, औषधांच्या याद्या.

अकराव्या फ्लॉपीला भाचा थांबला. “मामा, इथे एक पुसलेली फाइल आहे. उघडू?”

“पुसलेली आहे तर उघडणार काय?”

तेव्हा कळलं, की त्या काळचा कॉम्प्युटर फाइल पुसा म्हटलं की पुसत नसे. यादीतल्या नावाच्या फक्त पहिल्या अक्षरावर खूण करी, म्हणजे ही जागा आता दुसऱ्याला द्यायला मोकळी. वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतला मजकूर जागच्या जागी. कॉपी करणाऱ्याला तो दिसला नसता. पंचनाम्यात आला.

फाइलचं पहिलं अक्षर गेलं होतं. उरलेली होती ‘ए, एन, ए’. तारीख १८ ऑक्टोबर १९९७. लांबी १,८४६ अक्षरं.

पहिलं अक्षर ‘एन’ असणार हे सांगायला मला कॉम्प्युटर लागला नाही. नाना म्हणजे माझे काका. गावच्या घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं तुटलं ते अण्णा जाईपर्यंत तुटलेलंच राहिलं. नक्की काय झालं, हे आम्हां पोरांना कधी कळलं नाही.

“उघड,” असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ही म्हणाली, “कचऱ्याच्या टोपलीतून फाडलेली चिठ्ठी काढून तुकडे जुळवून वाचाल का?”

भाचा म्हणाला, “मामी, आजोबा आता नाहीत. शिवाय हा घराचा इतिहास आहे.”

मी त्याला ‘उद्या बघू’ म्हटलं आणि रात्रभर जागा राहिलो. मुलगा म्हणून मला जाणून घ्यायचा हक्क आहे, समेट घडवायचा असेल तर कारण कळायला हवं, असं बरंच काही मनात आलं. कुतूहलाला कर्तव्याचं धोतर नेसवायला आपल्याला फारसा वेळ लागत नाही.

पण पहाटे एक गोष्ट लक्षात आली. त्या फाइलीत अण्णांचे शब्द आहेत. ते पुसावेत असं अण्णांना का वाटलं, ते तिथे नाही. आणि नंतरचा निर्णय तर तोच. पत्र वाचलं तर मला अण्णांचं शेवटून दुसरं मत कळेल. शेवटचं मत त्यांनी एक बटण दाबून दिलं होतं. डीडी बिचारा सगळ्या अक्षरांना सारखं मानतो. लिहिलेलं आणि लिहून मागे घेतलेलं, हा भेद त्याच्याजवळ नाही. तो माणसानेच ठेवायचा असतो. रागाच्या भरात लिहून पुसलेलं पत्र जर माणसाच्या नावावर कायमचं जमा धरायचं, तर विचार बदलण्यात अर्थ काय राहिला?

तरी एक शंका उरलीच. पत्र रागाचं नसेल तर? माफीचं असेल, आणि पाठवायचा धीर झाला नसेल तर?

म्हणून सांगलीला गेलो. नाना त्र्याण्णव वर्षांचे आहेत, कानाने कमी ऐकतात. मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं, “नानाकाका, अण्णांनी सत्त्याण्णव साली तुम्हांला एक पत्र लिहिलं होतं. पाठवलं नाही. पुसून टाकलं.”

“केवढं होतं?”

“अठराशे सेहेचाळीस अक्षरं.”

नाना हसले. “अण्णा एवढं बोलला?” मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “तू वाचलंस?”

“नाही.”

“अजून आहे ते?”

“आहे. हवं तर आणून देतो.”

“राहू दे,” नाना म्हणाले. “लिहायला बसला होता, एवढं पुरे.”

फ्लॉप्या पुन्हा श्रीखंडाच्या डब्यात गेल्या, डबा माळ्यावर गेला. इमेज हार्ड डिस्कवर आहे. न उघडलेली. ही म्हणते, “उघडायची नाही तर ठेवलीत कशाला?”

मी म्हटलं, “असू दे. कधीतरी लागेल.”