दिलेलें आणि घेतलेलें

जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला. त्यापूर्वींच त्यांनीं टाइप ओतण्याचा कारखाना घातला होता. एकदां ओतलेला 'क' आज पंचांगांत, उद्यां काव्यांत, परवां लग्नपत्रिकेंत बसतो. तो कोणीं ओतला, हें पुस्तक वाचणाऱ्याच्या मनांतहि येत नाहीं.

संगणकाच्या कारागिरींत हाच प्रकार आहे. तारीख विशिष्ट रीतीनें मांडणें, नांवांची यादी वर्णानुक्रमानें लावणें, अशा नित्याच्या कामांसाठीं कोणी दहापंधरा ओळींच्या आज्ञा एकदां नीट लिहून ठेवतो आणि हजारों लोक त्या उचलतात. ही चाल जुनी आहे. केंब्रिज येथें १९४९ सालीं चालू झालेल्या एडसॅक यंत्रासाठीं अशा आज्ञांच्या छिद्रित कागदी पट्ट्यांचा संग्रहच केलेला होता. हवी ती पट्टी काढावी आणि तिची नक्कल करून घ्यावी.

२०१६ च्या मार्चमध्यें या व्यवहारांत एक नैतिक प्रश्न उभा राहिला. एका नांवावरून झालेल्या वादांत रुष्ट होऊन एका लेखकानें 'एनपीएम' या सार्वजनिक भांडारांतून आपल्या सर्व आज्ञा काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' हा ११ ओळींचा तुकडा होता. मजकूर ठराविक रुंदीचा व्हावा म्हणून डावीकडे रिकामी जागा भरणें, एवढेंच त्याचें काम. पेढीवरचा कारकून आंकडे एकाखालीं एक येण्यासाठीं जें करतो, तेंच हें. पण तो जातांच जगभर हजारों कामें अडलीं. कांहीं तासांत तो तुकडा भांडारांत परत आला, तेव्हां गाडें चालू झालें.

दोष कोणाचा? दिलेलें परत घेणें हा आपल्या धर्मशास्त्रानेंहि वादविषय मानला आहे. मनूच्या अठरा व्यवहारपदांत त्याला स्वतंत्र स्थान आहे. लोक आपल्यावर विसंबले आहेत हें ठाऊक असतां पूर्वसूचना देणें, एवढें तरी दात्याचें कर्तव्य होतें. तथापि त्यानें कोणास वचन दिलें नव्हतें, आणि घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं त्याचें नांवहि ऐकलें नव्हतें. ज्याचे आपण ऋणी आहों हेंच ठाऊक नाहीं, त्याच्यावर रागावण्याचा अधिकार किती?

छापखान्याच्या खणांत टाइप स्वतःचे असतात. ओतणारा कारखाना बंद पडला तरी त्या दिवसाचें काम थांबत नाहीं. येथें मात्र पुष्कळजण प्रत्येक अक्षर गरजेच्या वेळीं दुसऱ्याच्या घरून मागवीत होते. जवळ नक्कल ठेवावी, तर मूळ लेखकानें पुढें केलेली दुरुस्ती तींत आपोआप येत नाहीं, ही अडचण खरी. पण ती दुरुस्ती वाचून, समजून घेण्याचे श्रम हेंच त्या उसनवारीचें व्याज होय, आणि तें आपणच फेडलें पाहिजे.

दुसऱ्यानें चांगलें केलेलें काम पुन्हां करीत बसण्यांत पुरुषार्थ नाहीं. उसना तुकडा खुशाल घ्यावा. मात्र तो वाचून घ्यावा, स्वतःच्या खणांत जपावा, आणि लिहिणाऱ्याचें नांव त्यावरून पुसूं नये.