मन खचलं म्हणजे श्रद्धा कमी पडली का?

परिवाराच्या ग्रुपवर कोणी लिहिलं, "आजकाल कामात मन लागत नाही, झोप येत नाही," की लगेच उत्तरं येतात. नामस्मरण वाढवा. महाराजांवर सोडा. सकारात्मक राहा. लिहिणारे मनापासूनच लिहितात. पण वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे माझी श्रद्धाच कमी पडली का? आधीच डोक्यावर एक ओझं होतं, त्यावर हे दुसरं चढलं.

गोटमारीत कोणाचं डोकं फुटलं तर आपण त्याला टाके घालायला नेतो. तुझी भक्ती किती, असं कोणी विचारत नाही. मनाला लागलेला दगड दिसत नाही, एवढाच फरक.

हे दगड कोणते? कमावत्या माणसाकडे नीट पाहा. बागेवर कर्ज आहे आणि संत्र्याला भाव नाही. कारखान्यात ठेक्यावरचं काम, उद्या राहील की नाही याचा भरवसा नाही. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, मग झोपेचं गणित बिघडतं. साहेब चारचौघांत बोलतो आणि उलट बोलायची सोय नसते. नोकरी करणाऱ्या बाईची तर घरी आली की दुसरी ड्यूटी सुरू. काहीजण हे सारं विसरायला दारू घेतात, आणि दारू मन आणखी खचवते. सगळ्यात जड दगड म्हणजे हे सांगायला कोणीच नसणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी सुमारे 1,200 कोटी कामाचे दिवस वाया जातात. ही सगळी माणसं आळशी किंवा अश्रद्ध असतील का?

अर्जुनाचंच घ्या ना. साक्षात भगवंत त्याचे सारथी, तरी त्याचे हातपाय गळाले, गांडीव हातातून सुटलं. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. त्यात अर्जुन बोलत राहतो आणि भगवंत ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ते त्याला खडसावतात, हा दुबळेपणा सोड म्हणतात. त्याने अर्जुन उठला का? नाही. मी लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. मग भगवंतांनी समजावायला घेतलं ते थेट अठराव्या अध्यायापर्यंत. तोवर ते रथावरून उतरून गेले नाहीत.

म्हणून मला वाटतं, मन खचतं तेव्हा परीक्षा त्या माणसाच्या श्रद्धेची नसते, आजूबाजूच्यांच्या श्रद्धेची असते. राष्ट्रसंतांनी आपल्याला प्रार्थना दिली तीही सामुदायिक. प्रार्थनेनं बळ मिळतंच. पण शेजारची जागा पंधरा दिवस रिकामी असेल आणि आपण डोळे मिटून बसलो असू, तर ती सामुदायिक कशी म्हणायची?

विचारपूस केल्यानं फरक पडतो, हे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दिसलं आहे. तिथल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली, धीर दिला, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम 4 जण मदत घेत होते. दीड वर्षात ते 27 झाले.

मग आपण काय करायचं? दोन आठवडे रोज उदास वाटणं, कशातच गोडी न वाटणं, झोप-भूक बिघडणं, आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटणं, ही आजाराची लक्षणं आहेत. असं कोणी दिसलं तर ग्रुपवर सुविचार टाकू नका, घरी जा. "भाऊ, बरं आहे ना?" एवढं विचारा आणि मग ऐका. डॉक्टरांकडे जायचं असेल तर सोबत जा. जीव नकोसा झाला असं कोणी म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. सरकारच्या 'टेलि-मानस'चा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. औषध घेणं म्हणजे महाराजांवरचा विश्वास सोडणं नव्हे. सारथी रथ हाकतो, पण जखमी घोड्यालाही पाणी पाजतोच.

या गुरुवारी प्रार्थनेनंतर एक फोन करा. बरेच दिवस ज्यांचा ग्रुपवर एकही शब्द आला नाही, त्यांना.

जयगुरु!

— एक सेविका, सावरगाव