भरवसा आणि पारख

मराठवाड्यातल्या चंगाई सभांमधून हल्ली एक वाक्य फार ऐकू येते: ‘प्रभूने मला तुझ्याविषयी सांगितले आहे.’ स्टेजवरचा माणूस समोरच्या बाईला सांगतो, मुलीचे लग्न अमुक घरात कर. बीपीच्या गोळ्या सोड. हळदीची पट्टी हातात पडली की पहिला हिस्सा इथे ‘पेर’, देव शंभरपट देईल. बाई मान डोलावते. नाही म्हणणे म्हणजे अविश्वास, हे तिच्या मनावर बिंबवलेले असते. मला हे पाहवत नाही. देवावर भरवसा ठेवायला निघालेली बाई माणसाच्या ताब्यात जाते आणि त्याला आपण मार्गदर्शन म्हणतो!

त्यातही पंडिता रमाबाईंचे नाव पुढे केले जाते तेव्हा गप्प बसवत नाही. एवढी विदुषी, पण शेवटी तिने बुद्धी बाजूला ठेवली आणि केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले, 1905 ची आध्यात्मिक जागृती झाली, असे सांगतात. सुधारणावादी अभ्यासक हीच कथा हळहळत सांगतात: बंडखोर रमाबाई उत्तरार्धात भाविक झाल्या. दोघांचेही वाचन चुकते आहे.

देवाच्या नावाने आलेला प्रत्येक आवाज देवाचा नसतो, आत्म्यांची पारख करा, ही ताकीद योहानाच्या पहिल्या पत्रातच आहे. ऑगस्टीन, इग्नेशियस, वेस्ली या ख्रिस्ती धर्मपुरुषांनी आपापल्या परीने तिचीच शिस्त घडवली; त्यावर फारसा वाद नाही. मराठवाड्यातल्याच हिंगोली जिल्ह्याला तर हे परके नसावे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून नर्सीला मान आहे. त्यांच्याशी विठ्ठल बोले, त्यांच्या हातचा नैवेद्य खाई. तरी संतांच्या मेळाव्यात गोरोबा कुंभारांनी त्यांना थापटून पाहिले आणि हे मडके कच्चे म्हटले. मग नामदेव औंढ्याला विसोबांकडे शिष्य म्हणून गेले, अशी कथा आहे. साक्षात देव बोलतो म्हणणाऱ्यालाही चारचौघांनी पारखायचे असते, हे त्या कथेने केव्हाच मान्य केले आहे.

रमाबाईंकडे ही पारख वाचनातून आली नव्हती. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत होते. देव प्रसन्न होईल या आशेने होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानात गेले. पाने खाऊन दिवस काढले. आई, वडील, थोरली बहीण, सगळी गेली. कृपेसाठी पैसे मोजणे म्हणजे काय, हे त्या मुलीने उपाशीपोटी पाहिले होते. तिच्या नावावर आज कुणी ‘पेरणी’ मागावी?

पुढे 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. मग त्यांनी तिकडे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, यावर बिशपांनी हरकत घेतली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी आज्ञापालनाचा आग्रह धरला. रमाबाईंनी लिहिलेल्या उत्तरांचा आशय असा: इकडच्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले आहे, धर्मगुरू सांगेल ती देवाची आज्ञा मानून दुसरे जू घेणार नाही. ही बाई नुकतीच ख्रिस्ती झालेली, परदेशात, दुसऱ्यांच्या आश्रयाने राहणारी. तरीही तिने हे लिहिले.

मग केडगावचा भरवसा आला कुठून? लोक इथेच अडखळतात. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले आणि गरजा देवापुढे मांडण्याची त्याची रीत मनावर घेतली, हे खरे. पण म्युलर नुसत्या मनातल्या उमाळ्यावर चालत नसे. आधी स्वतःची इच्छा बाजूला, मग शास्त्र, मग परिस्थिती, मग प्रार्थना. आणि दर वर्षी पैशाचा छापील हिशेब. रमाबाईही तशाच. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनची दहा वर्षांच्या मदतीची हमी संपली तेव्हा, 1898 मध्ये, त्या स्वतः तिकडे जाऊन कामाचा हिशेब मांडून आल्या. ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रकातून जगाला खबर देत राहिल्या. केडगावात विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम आणि छापखाना चालवला. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणायला निघाल्या तेव्हा गाठीला पुरेसा पैसा नव्हता. पण स्वतःची भूक आठवत होती, आणि त्या मुली कुणाच्या हाती पडतील तेही ठाऊक होते. त्या आठवणीतून आणि त्या माहितीतूनच त्यांना देवाची हाक ऐकू आली, असे मी मानतो.

बिशपांना ‘नाही’ म्हणणारी बाई आणि उद्याच्या धान्यासाठी गुडघे टेकणारी बाई एकच आहे. देव आपली काळजी घेतो असा भरवसा असल्यामुळेच तिला मिशनची, देणगीदारांची, शास्त्रीबुवांची मर्जी सांभाळावी लागली नाही. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडणाऱ्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे बळही मला याच जातीचे वाटते. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? नवऱ्याने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्या मागोमाग गेल्या नाहीत. सोवळेओवळे, कुणाच्या हातचे पाणी, यांवर स्वतः विचार केला आणि मनाला पटल्यावर, 1900 मध्ये गेल्या. नवऱ्याला दिसलेली वाट त्यांनी आपली म्हणून उसनी घेतली नाही.

रमाबाईंची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंडितांच्या मराठीऐवजी साध्या बायकांना कळेल अशी भाषा त्यांनी धरली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तोवर काम पुरे झाले होते. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, आणि ते काम करणाऱ्या हातांत दुष्काळातून आलेल्या मुलींचेही हात होते.