फिटणारे आणि फिरणारे

कर्ज दोन प्रकारचे असते, एक चांगले आणि एक वाईट, हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या तोंडांतून ऐकले आहे की आता ते शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहायचे तेवढे बाकी आहे. म्युच्युअल फंडाचा वितरक हेच सांगतो, बँकेच्या ग्राहक मेळाव्यात हेच सांगतात, मोबाइलवरच्या मिनिटभराच्या व्हिडिओतला तरुण सल्लागारही बोट नाचवत हेच सांगतो. घर, शिक्षण, धंदा यांसाठी काढलेले ते चांगले. मोबाइल, सहल, लग्न यांसाठी काढलेले ते वाईट. ऐकणारे माना डोलावतात, कारण या एका वाक्यात आजोबांची काटकसर आणि नातवाची महत्त्वाकांक्षा या दोघांचीही सोय झालेली असते.

कर्जाबद्दलच्या बाकीच्या मतांशी मला फारसे भांडायचे नाही. अंथरूण पाहून पाय पसरा म्हणणारे अंथरूण कोणी आखूड केले हे विचारत नाहीत. कर्जमाफीवाल्यांचे खाते एकदा कोरे होते आणि पुढच्या हंगामात पुन्हा भरते. ‘पत सर्वांपर्यंत पोचली’ असे सांगणाऱ्यांना पत आणि पैसा यांतला फरक बहुधा ठाऊक असतो, पण तो सांगण्याची त्यांना गरज वाटत नाही. चांगल्या-वाईटाची विभागणी मात्र अशी एका ओळीत सोडून देता येत नाही. प्रश्न कुठे विचारायचा, हेच ती ठरवून टाकते. पैसे कशाला घेतलेस, एवढेच ती कर्जदाराला विचारते. कर्ज कसे बांधलेले आहे, हे कोणालाच विचारत नाही.

मुळात ही विभागणी आपल्याकडे लोकप्रिय केली ती रॉबर्ट कियोसाकींच्या ‘रिच डॅड पुअर डॅड’ने. गंमत अशी, की आपण राहतो ते घर ही मालमत्ता नव्हेच, उलट तो खिशातून पैसा काढणारा बोजा आहे, असे त्या पुस्तकाचे आग्रहाचे म्हणणे. आपल्या सल्लागारांनी विभागणी उचलली आणि गृहकर्ज नेमके उलट्या खणात ठेवले. असो. ते कुठल्याही खणात ठेवले तरी पुढचा हिशेब चुकत नाही.

२०२२च्या सुरुवातीला एखाद्या जोडप्याने तीस लाखांचे गृहकर्ज सात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले असे धरा. हप्ता साधारण २३,२६० रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे ऑक्टोबर २०१९पासून बाहेरच्या दराशी जोडलेली असल्याने ही वाढ कर्जदारापर्यंत आली. साडेनऊ टक्क्यांनी तीस लाखांचे नुसते व्याजच महिन्याला २३,७५० होते. तोवर चाळीस-पन्नास हजारांचे मुद्दल फिटले असे मानले, तरी जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही. कागदावर वीस वर्षांचे असलेले कर्ज त्या हप्त्यात कधीच संपणार नव्हते. अनेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली, आणि कित्येकांना ती निवृत्तीच्या पलीकडे गेल्याचे पुढे कधीतरी खातेउतारा पाहताना कळले. अखेर ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले, की हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारा, आणि मुदत लांबवताना कर्ज उलटे वाढणार नाही हे पाहा.

या जोडप्याने उधळपट्टी काय केली? काहीच नाही. त्यांनी पाठ्यपुस्तकातले ‘चांगले’ कर्ज घेतले होते. उलट दहा हप्त्यांवर घेतलेला मोबाइल सल्लागाराच्या लेखी वाईट; पण अकराव्या महिन्यात त्या कर्जाची आठवणही उरत नाही. आणि आईच्या बायपाससाठी काढलेले कर्ज कुठल्या खणात घालायचे? ती ना गुंतवणूक, ना चैन. घरातल्या माणसाला गुंतवणूक म्हणायला सल्लागाराची जीभ रेटत नाही आणि चैन म्हणायची हिंमत होत नाही, म्हणून बहुतेक तक्त्यांत दवाखाना नसतोच. आपल्याकडे घरे कर्जात बुडतात ती बऱ्याचदा दवाखान्यापायी, आणि नेमका तोच रकाना गाळलेला.

मग भेद कुठला करायचा? माझ्या मते भेद एकच महत्त्वाचा आहे: फिटणारे कर्ज आणि फिरणारे कर्ज. प्रत्येक हप्त्यागणिक ज्याचे मुद्दल उतरत जाते आणि ज्याला शेवटची तारीख असते ते फिटणारे. पैसे भरत राहूनही जे जवळपास होते तिथेच राहते, ज्याचे दरवेळी नूतनीकरण होते, ते फिरणारे. पैसे कशासाठी घेतले याचा याच्याशी संबंध नाही. संबंध आहे तो याच्याशी, की कर्ज संपण्यात देणाऱ्याचा फायदा आहे की न संपण्यात.

क्रेडिट कार्डावर पन्नास हजारांची बाकी आहे. व्याज महिना साडेतीन टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. नवी खरेदी शून्य. दर महिन्याला बाकीच्या पाच टक्के, म्हणजे ‘किमान देय’ तेवढे, इमानदारीने भरले. ढोबळ हिशेब असा, की वर्षभरात सुमारे २८,६०० रुपये भरून होतात आणि बाकी उरते ४५,०००. तेच पन्नास हजार पगारदारांच्या पतसंस्थेतून बारा टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता २,३५४. वर्षाने बाकी उरते साधारण साडेसव्वीस हजार आणि चोविसाव्या महिन्यात काहीच नाही. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे खिशातून जाणारी रक्कम जवळपास सारखीच आहे. पतसंस्थेत पगारातून परस्पर कपात होते, दोन सहकारी जामीन राहतात, संचालक ओळखीचे असतात. कर्ज थकले तर चारचौघांत शोभा होते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही, जामीनदारांचे संसार मोडलेलेही आपण पाहिले आहेत. पण तिथे कर्ज फिटावे असे देणाऱ्याला वाटते. कार्डाच्या धंद्यात दरमहा सगळे बिल भरणारा ग्राहक बेताच्या कामाचा. खरा कामाचा तो किमान देय भरणारा.

यावर एक आक्षेप रास्त आहे: हा फरक व्याजदराचा आहे, बारा कुठे आणि बेचाळीस कुठे; त्याला तत्त्वज्ञानाची झालर कशाला? दराला महत्त्व आहे, नाही असे नाही. पण ज्याचा दर शून्य आहे असेही कर्ज फिरते, आणि ते पाहायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही गावच्या सोसायटीत जावे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. मुदतीत फेडायला पैसा नसतो. मग अडत्याकडून, सोनाराकडून किंवा खासगी सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, गटसचिवाने वसुली दाखवायची, नवे कर्ज मंजूर व्हायचे, ते उचलून ज्याचे त्याला चढ्या व्याजासकट परत करायचे. याला नवे-जुने करणे म्हणतात. वहीत शंभर टक्के वसुली. बँक खूश, सरकार खूश, शेतकरी थकबाकीदार नाही. मुद्दलातला एक रुपयाही कमी झालेला नाही. आणि कर्जाचा हेतू म्हणाल तर शेती, म्हणजे धंदा, म्हणजे चांगले.

या शेतकऱ्याला कोणी आर्थिक साक्षरतेचे धडे देणार असेल तर खुशाल द्यावेत. आठ दिवसांच्या व्याजाचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो.

नवे-जुने ही आजची युक्ती नाही. दख्खनचे दंगे आपल्याला शाळेपासून माहीत आहेत: मे १८७५, सुपे, सावकारांची दप्तरे जाळणारे कुणबी. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालये मानत होती. पण व्याज मुद्दलाच्या जवळ पोचू लागले की सावकार नवा रोखा लिहून घेई. जुने व्याज नव्या रोख्यात मुद्दल होई आणि दामदुपटीची मोजणी पहिल्यापासून सुरू. न्यायाधीशासमोर येई तो शेवटचा रोखा. तोच बिनतोड पुरावा. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जदार शेतकऱ्याची तुरुंगातून सुटका केली हे नेहमी सांगितले जाते. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी तरतूद: न्यायालयाने रोख्यावरच्या आकड्याशी न थांबता व्यवहार मुळापासून उलगडावा, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे काढावे. त्या कायद्याचे पुढे काय झाले, सावकारांनी त्यातूनही पळवाटा कशा काढल्या, हा निराळा विषय. पण फिरणारे कर्ज हा रोग आहे आणि तो फिरण्यात आहे, हे त्या कायद्याला कळले होते.

आज कायदा नेमका उलट्या बाजूला उभा आहे. बँकिंग नियमन कायद्यात १९८४पासून कलम २१-अ आहे. बँकेचा व्याजदर जास्त आहे या कारणाने न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, हे २०२२मध्ये ठरून गेले. या प्रत्येक निर्णयाला कारण आहे. व्याजदर न्यायाधीशांनी ठरवू नयेत, हे मलाही पटते, आणि सरसकट दराला झाकण घातले की गरीब माणूस परवान्याबाहेरच्या सावकाराच्या दारात जातो हेही खरे. पण दर ठरवणे वेगळे आणि कर्ज किती काळ, कितीदा फिरवता येईल हे ठरवणे वेगळे. पहिल्याला हात लावायचा नाही म्हणून आपण दुसरेही सोडून दिले.

कंपन्यांच्या बाबतीत सोडले नाही. २०१६च्या दिवाळखोरी संहितेने कंपनीच्या कर्जाला शेवट दिला, मग कर्ज देणारे रकमेचा मोठा भाग सोडून देतात आणि पुढे जातात. त्याच संहितेच्या तिसऱ्या भागात साध्या माणसासाठीही ‘नवी सुरुवात’ लिहिलेली आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत, इतक्या तुटपुंज्या मर्यादेत का होईना. कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता तो भाग २०१९मध्ये लागू झाला. बाकीच्यांसाठी छापील पाने तेवढी आहेत. त्यांना अजून १९०९ आणि १९२०चे इंग्रजी अमदानीतले नादारीचे कायदे आहेत.

माहिती देण्याच्या बाबतीत मात्र आपण उदार आहोत. २०२२च्या डिजिटल कर्जाच्या नियमांपासून कर्जदाराला मुख्य माहितीपत्रक मिळते, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. चांगली गोष्ट आहे, हवीच होती. पण एका ॲपचे सहा हजार फेडायला दुसऱ्या ॲपवरून सात हजार उचलणारा माणूस दर न कळल्यामुळे उचलत नाही. शनिवारी फोन येणार आहेत आणि पगार सात तारखेला आहे, म्हणून उचलतो. त्याच्या मोबाइलवर दोन्ही ॲपची माहितीपत्रके असतात.

ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने २०१८मध्ये कार्डांसाठी एक नियम केला. अठरा महिन्यांत ग्राहकाने मुद्दलापेक्षा व्याज आणि आकार यांपोटीच जास्त पैसे भरले, तर ते चिवट कर्ज समजायचे. कंपनीने त्याला गाठून सांगायचे, आणि छत्तीस महिन्यांनंतरही तीच गत असेल तर कर्ज वाजवी काळात संपेल अशी वाट काढून द्यायची. पैसे सहलीला गेले की शस्त्रक्रियेला, हे त्यात विचारलेले नाही. दराला झाकण घातलेले नाही. आपल्याकडे २०२२पासून किमान देय असे ठेवावे लागते की बाकी उलटी वाढू नये. त्या नियमाने बाकी वाढणे थांबले, फिरणे थांबले नाही. वर्षभर किमान देयच भरणाऱ्याची बाकी त्याने न मागता ठरावीक मुदतीच्या, उतरत्या हप्त्यांत बदलायची, आणि तेवढी बाकी पुन्हा फिरवायची मुभा ग्राहकालाही नाही आणि कंपनीलाही नाही, एवढे लिहायला एक परिपत्रक पुरे. पीककर्जालाही हाच न्याय लावता येईल: दरवर्षी मुद्दलाचा ठरलेला हिस्सा खरोखर उतरला तरच सवलत, आणि ज्या वर्षी पीक गेले त्या वर्षी तो हिस्सा पुढे ढकलायचा. नुसती वसुली दाखवून भागणार नाही. कार्डकंपन्या याला विरोध करतील हे उघड आहे. मला जास्त कुतूहल आहे ते जिल्हा बँकांचे, कारण नवे-जुने बंद केले तर मार्चअखेरच्या ताळेबंदात वसुलीचा आकडा कुठून आणायचा, हा प्रश्न त्यांना पहिल्याच वर्षी पडेल.