नाव ऐकताच बदलणारी भाषा



लालबागमध्ये मसाला कुटून घेताना, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभे असताना किंवा दादर स्थानकाबाहेर भाजी निवडताना आपल्यापैकी अनेकांना एक अनुभव आला असेल. संभाषण मराठीत सुरू असते. मग नाव विचारले जाते. नाव सांगताच समोरचा माणूस हिंदीकडे वळतो. त्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते. आपली सोय व्हावी, एवढेच त्याला वाटते. कोणी कौतुकाने म्हणतो, "तुमचे मराठी किती चांगले आहे!" रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या किंवा सोलापूरच्या मातीत ज्याच्या सात पिढ्या विसावल्या, त्याने या कौतुकाला काय उत्तर द्यावे?

बहुतेक जण हसून हिंदीत उत्तर देतात आणि विषय संपवतात. परंतु येथे काय घडले, याचा थोडा विचार करावा. दोन माणसांनी तोंड उघडण्यापूर्वीच समाजाने त्यांची भाषा ठरवून टाकली होती. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत श्रद्धावंतांना पुष्कळशा गुमानांपासून दूर राहण्याची आज्ञा आहे, कारण काही गुमान गुन्हा ठरतात. गुमान म्हटले की आपल्याला दुसऱ्याच्या चारित्र्यावरील संशय आठवतो. नावावरून, दाढीवरून किंवा कपाळावरच्या कुंकवावरून माणसाचे मन वाचल्याचा दावा करणे हाही गुमानच होय. हा दावा आपणही करतो. 'ते लोक आपल्याशी काय बोलणार?' असे म्हणून जिन्यात मान खाली घालून निघून जाणारा मुसलमान आपण पाहिलेला नाही काय?

बोलण्यावर समाजाची पकड किती खोल असते, हे गिरणगावाच्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल. कापड गिरण्यांच्या विणाई खात्यात मागांचा खडखडाट एवढा असे की शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी ओरडावे लागे, नाहीतर हाताने खूण करावी लागे. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून ओठांनी ओढून घेत. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. याच कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना या खात्यात, म्हणजे अधिक मजुरीच्या कामात, प्रवेश नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही मनाई उठवण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली. मराठा कामगारांच्या बरोबरीने त्या खात्यात मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही काम करीत. ज्यांच्या दीनमध्ये सर्व आदमची संतान आहेत, त्यांचे ओठ त्या धोट्याला लागत होते. बाहेर ठेवलेल्या भावासाठी ते उघडले काय, हा प्रश्न आपण आपल्या वाडवडिलांना विचारू शकत नाही. स्वतःला मात्र विचारू शकतो. मौनदेखील बोलण्याचाच एक प्रकार आहे आणि त्याचाही हिशेब आहे.

त्याच गिरणगावात दुसरेही घडले. बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल हे शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज मैदानेच्या मैदाने भरून टाकी. त्यांच्या विचारांशी आपण सर्व बाबतींत सहमत असू असे नाही, आणि येथे तो विषयही नाही. सांगायचे एवढेच की, 'मुसलमान असून मराठी?' असा प्रश्न त्या गर्दीला सुचला नसावा. एकाच भोंग्यावर उठणाऱ्या, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या माणसांना एकमेकांची भाषा गृहीत धरता येत होती.

पुढे ते गृहीत तुटत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हळूहळू गिरण्याच गेल्या. मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली आल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर कितीतरी मुस्लिम कुटुंबांनी मिश्र वस्ती सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी घरे घेतली. भयापोटी घेतलेल्या त्या निर्णयाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र जो शेजारी रोज दिसत नाही, त्याच्याविषयी ऐकीव गोष्टच खरी वाटू लागते. सूरह हुजुरातची सहावी आयत अविश्वसनीय माणसाने आणलेली वार्ता तपासून घ्यायला सांगते, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाचे नुकसान होऊन पुढे पस्तावावे लागेल. ऐकलेले सर्व काही पुढे सांगत राहणे एवढेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मोबाइलवर आलेला संदेश बोटाने पुढे ढकलताना ही हदीस किती जणांना आठवते? १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांसमवेत नियमित एकत्र बसू लागली, अफवेची तिथल्या तिथे शहानिशा होऊ लागली. मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

आता आपल्या घराकडे वळू या. प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवले गेले, असे सूरह इब्राहीममध्ये (१४:४) स्पष्ट केले आहे. सूरह रूम (३०:२२) भाषांची विविधता ही अल्लाहची निशाणी मानते. तरीही आपल्यातील काही घरांत मुलाने मराठीत उत्तर दिले की 'ही आपली जबान नव्हे' म्हणून त्याला टोकले जाते. उर्दूवर प्रेम जरूर असावे, तिच्यात दीनचे मोठे भांडार आहे. पण शेजारच्या मावशींना रोजा म्हणजे काय, हे कोणत्या भाषेत सांगणार? समोरचा हिंदीत वळला तरी आपण मराठीतच, चेहऱ्यावर आठी न आणता, बोलत राहावे. त्याला टोमणा मारू नये. फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे पाठवतानाही ह. मूसा (अलै.) आणि ह. हारून (अलै.) यांना सौम्यपणे बोलण्याचीच आज्ञा झाली होती (२०:४४), आपल्यासमोर तर केवळ भाजीवाला आहे.

गिरगाव-परळमध्ये जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत, रहिवाशांच्या सभा भरत आहेत. अशा सभेत आपली मंडळी बहुधा मागच्या खुर्च्यांवर गप्प बसतात. मराठी अडखळेल, कोणी हसेल, ही भीती असते. ह. मूसा (अलै.) यांनी आपल्या जिव्हेची गाठ सुटावी म्हणून दुआ केली आणि अधिक ओघवते बोलणारा भाऊ सोबतीला मागून घेतला. आपल्या घरातही असा हारून असतो: चाळीच्या गॅलरीत आयुष्य घालवलेली आजी, किंवा पालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी. पुढच्या सभेला जाताना तिला बरोबर घ्यावे आणि पुढच्या रांगेत बसावे.